न झालेल्या उद्घाटनाची बातमी

छापलेल्या एकाही अक्षरावर विश्वास न ठेवता माणूस सत्तर वर्षं मजेत जगू शकतो, हे मी आमच्या घरमालकांना पाहिलं नसतं तर मलाही खोटं वाटलं असतं. पेपर तर सोडाच, पंचांगात पौर्णिमा छापलीय म्हणून हा माणूस पौर्णिमा मानायचा नाही. अंगणात उभं राहून, मान वर करून, चंद्र पुरा भरलाय की नाही हे स्वतः बघायचे आणि मगच बायकोला म्हणायचे, "हाव, आज पुनव असू शकते." असू शकते! नात्यातली लग्नपत्रिका आली तरी आधी माणूस पाठवून चौकशी व्हायची, की लग्न खरंच ठरलंय का आणि नवऱ्या मुलीला ते माहीत आहे का. या अपमानापायी त्यांच्या सख्ख्या साडूनं सहा महिने बोलणं टाकलं होतं. घरमालकांनी ते मनावर घेतलं नाही. साडू रागावलाय हे त्यांना तिसऱ्याच माणसानं सांगितलं होतं, त्यामुळे तेही त्यांनी खरं धरलं नव्हतं.

मी मूळचा घाटावरचा. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग, आणि घाटावरच्या मास्तराची बदली घाटाखाली झाली की त्याच्या घरी सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जिल्हा परिषद तर त्याहून नवी, आणि तिच्या त्या कोऱ्या उत्साहात माझी बदली वडनेर भोलजीपासून पायी दीड तासावरच्या एका गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात अब्रू मुख्यतः माझी जायची आहे, ती एकट्याचीच जावी. गावात मास्तराला खोली द्यायला एकच घर तयार झालं. तयार झालं म्हणजे काय, तर घरमालकांनी माझा बदलीचा हुकूम दोनदा वाचला, उन्हात धरून शिक्का तपासला आणि विचारलं, "हा तं कागद झाला. ते मास्तर तुमीच, हे कोनं पाह्यलं?" वडनेरच्या पोस्टमास्तरांचा ओळख पटल्याचा निरोप येईपर्यंत माझी ट्रंक ओसरीवर आणि मी ट्रंकेवर.

गाव त्यांना आबाजी म्हणायचं. तीस वर्षं ते तालुक्याच्या कोर्टात पुकारा करणारे चपराशी होते. दाराशी उभं राहून "अमुक वल्द तमुक हाजिर होऽऽ" असं तीनदा ओरडायचं, साक्षीदार आत गेला की दाराला टेकून त्याची साक्ष ऐकायची, आणि तो बाहेर आला की तो आपल्या माणसाच्या कानात काय सांगतो तेही ऐकायचं. "वकिलाले एका बाजूचं ऐकू येते, जजाले दोन बाजूचं," ते म्हणायचे, "अन दारातल्याले तिसरं ऐकू येते, ते कोनीच लिहून घेत नाही." या तिसऱ्या ऐकण्यानं त्यांचा सगळ्या लेखी जगावरचा विश्वास उडाला होता. पेन्शनीत आल्यावर कोर्ट सुटलं, पण उलटतपासणी काही सुटली नाही. साक्षीदार म्हणून आता गावात रोज एकच जण यायचा, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा पेपर.

हा पेपर वडनेरहून सायकलीवर कापड विकायला येणारे रशीदभाई आणायचे, एक दिवस शिळा. "आबाजी, कल का झूठ आज लाया हूँ," असं म्हणून ते चावडीवर टाकायचे आणि हसत निघून जायचे. संध्याकाळी दहावीस मंडळी जमली की आबाजी चष्मा पुसून वाचायला घ्यायचे. पहिलं पान संपायला दीड तास लागायचा. कारण प्रत्येक बातमीनंतर मान वर करून ते मंडळींना एकच प्रश्न विचारायचे, "कोनं पाह्यलं?" त्यांच्याकडे एका बाजूनं तांबडी, दुसऱ्या बाजूनं निळी अशी पेन्सिल होती. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलंय असं वाटलं तर बातमीवर तांबडा 'पा'. कुणाकडून ऐकून लिहिलं असेल तर निळा 'ऐ'. आणि लिहिणाऱ्याला नुसतंच तसं वाटलं असेल तर 'वा', तोही निळाच. सगळं पान निळं होऊन जायचं. कधी आठवड्यातून एखादा तांबडा 'पा' निघायचा, तोही बहुधा कुठल्याशा गावी बैल विहिरीत पडल्याच्या बातमीवर. सुरुवातीला मंडळी कंटाळायची. पुढे पुढे मात्र आबाजींनी विचारायच्या आत कोपऱ्यातला एखादा म्हातारा चिलीम बाजूला करून म्हणू लागला, "हे तं 'ऐ' हाये बुवा." मास्तरकीचं ट्रेनिंग करून आलेल्या मला मुलांना चार वर्षांत शिकवता आलं नसतं ते या चपराश्यानं अंगठेबहाद्दरांना दोन पावसाळ्यांत शिकवलं होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा रागच यायचा.

ती पेन्सिल पेपरापुरती थांबली असती तर बरं होतं. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा वडिलांचं पत्र आलं. ते उघडं टाकून मी शाळेत गेलो. परत येऊन बघतो तो पत्र तपासून ठेवलेलं! 'मुलगी सुस्वरूप आहे' यावर 'ऐ', 'स्वयंपाकात तरबेज' यावर 'ऐ', 'आपल्या घराण्याला शोभेल' यावर भला मोठा 'वा', आणि खाली शेरा, "तुमच्या वडिलाइनं पोरगी पाह्यली नाही." मी चिडून त्यांच्या ओसरीवर गेलो. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मास्तर, राग नका करू. आमच्या लग्नात अंतरपाट धरला तवा बी याइनं बाजूनं डोकावून पाह्यलं होतं, मीच हाओ का दुसरीच उभी केली म्हनून." मी वडिलांना पत्रानं विचारलं. खरंच, त्यांनी मुलगी पाहिली नव्हती, काकांनी सांगितलं ते लिहिलं होतं. मग मी स्वतः जाऊन पाहून आलो. तीच पुढे माझी बायको झाली, आणि 'सुस्वरूप'वरच्या त्या 'ऐ'बद्दल तिनं आबाजींना कधी माफ केलं नाही.

जाहिरातींवर तर त्यांचा विशेष डोळा. केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात आली तेव्हा त्यांनी खामगावहून एक बाटली मागवली आणि महिनाभर ते तेल फक्त डोक्याच्या डाव्या बाजूला लावलं. उजवी बाजू तशीच कोरडी. रोज सकाळी चावडीवर मंडळींनी दोन्ही बाजू बघायच्या. महिन्यानंतर दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल होतं, पण डाव्या बाजूच्या उशीचा अभ्रा कायमचा गेला होता, आणि मावशींनी त्या बाटलीचं पुढं काय केलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला तेव्हा सगळं गाव त्याच्या लाकडी पेटीभोवती बसलं. आबाजी पाच मिनिटं ऐकून उठले. "याले प्रश्न विचारता येत नाही," ते म्हणाले. "ज्याची उलटतपासनी होत नाही त्याची साक्ष म्या घेत नाही."

एकदा त्यांनी माझ्या चौथीच्या वर्गाचाही ताबा घेतला. शाळेसमोरच एका गाडीचं चाक निखळलं, गाडी कलली, गुळाच्या भेल्या रस्त्यावर. पोरं खिडकीला लोंबकळली होती. आबाजी कुठूनसे आले आणि मला म्हणाले, "मास्तर, पाच पोट्ट्याइले पाच कोपऱ्यात बसवा अन लिहू द्या." लिहिलं. एकानं लिहिलं बैल बुजला, दुसऱ्यानं लिहिलं गाडीवान झोपला होता. तिसऱ्याच्या मामाचा गूळ होता, त्यानं फक्त गुळाचंच लिहिलं. चौथ्या पाटीवर एका मुलीनं गाडीवानानं दिलेली शिवी तंतोतंत उतरवली, ती मला पुसावी लागली. पाचव्यानं लिहिलं की मास्तर घाबरून खुर्चीवरून उठले. आबाजींनी पाचही पाट्या एका रांगेत लावल्या. "यात खोटं कोनीच नाही लिहिलं," ते म्हणाले. "पन यातली एकच पाटी छापली असती तं? मंग सांगा." पोरं एकमेकांच्या पाट्या वाचायला लागली. पाचवी पाटी मी पुसली नाही, कारण मी खरंच उठलो होतो.

आता माझ्या अब्रूचं. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचा मी वार्ताहर होतो. पगार नाही, अंक फुकट आणि 'आमच्या वार्ताहराकडून' ही ओळ. हे आबाजींना ठाऊक होतं, आणि माझ्याशी बोलताना ते कायम जामिनावर सुटलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. वार्ताहरांची त्या काळी एक पद्धत होती. अंक गुरुवारी छापायला जायचा. बातमी त्यात यायची तर टपाल मंगळवारी वडनेरच्या पोस्टात पडायला हवं. समारंभ बुधवारी असला तर? तर बातमी सोमवारी लिहायची. 'समारंभ मोठ्या उत्साहात पार पडला', 'अध्यक्षांनी मार्गदर्शन केले', 'टाळ्यांचा कडकडाट झाला'. समारंभ म्हणजे दुसरं काय होतं? सगळे वार्ताहर असंच करायचे, मीही करायचो, आणि दोन वर्षांत एकदाही फसलो नव्हतो.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात सार्वजनिक विहीर झाली. नाल्याच्या पल्याड एक वस्ती होती. शिवाशिवीपायी तिथल्या माणसांना गावातल्या कुठल्याही विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्यांच्या बाया नाल्याच्या रेतीत खड्डा करून त्यात झिरपेल ते पाणी वाटीवाटीनं भरायच्या, दोन तासांत एक घागर. नव्या विहिरीला पंचायत समितीनं अनुदान दिलं ते एकाच अटीवर, की विहीर सगळ्यांना खुली राहील. खोदकामात सगळ्यात जास्त दगड वस्तीनंच उपसले. त्यांत चंद्रभागाबाई नावाची पन्नाशीची विधवा होती, टोपलं डोक्यावर घेऊन शिडीनं चढायची ती पुरुषांना मागं टाकून. बुधवारी उद्घाटन, आणि पहिली घागर चंद्रभागाबाईंनी भरायची असं अधिकाऱ्यांनी ठरवून दिलं होतं. मी सोमवारी बातमी लिहिली. सरपंचांचं तडफदार भाषण लिहिलं. चंद्रभागाबाईंनी पहिली घागर भरताच टाळ्यांचा कडकडाट झाला असंही लिहिलं. लिहिताना मला भरून आलं होतं, अगदी.

बुधवारी कुणी आलंच नाही. साहेबांची जीप वाटेत बंद पडली म्हणे, आणि 'म्हणे' हे मी आबाजींच्या धाकानं लिहितोय. मांडव दुपारपर्यंत ताटकळला आणि मग उतरवला. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया विहिरीवर पाणी भरू लागल्या, आणि वस्तीतल्या बाया आल्या की त्यांना सांगण्यात येऊ लागलं, "थांबा ना बाई, अजून उद्घाटन व्हायचं हाये." मग तुम्ही कसं भरताय, तर आम्ही फक्त पाणी गोड आहे का ते बघतोय. अख्खं गाव सकाळ-संध्याकाळ हंडेच्या हंडे भरून पाण्याची गोडी बघत होतं.

आणि शनिवारी अंक आला. खरं तर त्या दिवशी मला ताप यायला हवा होता. संध्याकाळी आबाजींनी चावडीवर अंक उघडला आणि बातमी वाचली, सगळी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या टाळीपर्यंत. मंडळी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत होती. त्यांनी तो विचारलाच नाही. पेन्सिलही उचलली नाही. चष्मा काढून माझ्याकडे नुसतं बघत राहिले, आणि मी जमिनीतल्या एका खड्याकडे. घरी पोचलो तर अंगणात उभं राहून त्यांनी माझ्या नावानं पुकारा केला. मी समोर चार हातांवर उभा होतो, तरी तीनदा. "हाजिर होऽऽ!" मावशी भांडी टाकून बाहेर आल्या. मी सगळं कबूल केलं, मंगळवारचं टपाल, गुरुवारची छपाई, वार्ताहरांची पद्धत. एरवी मला 'तुमी' म्हणणारे आबाजी पहिल्यांदा 'तू'वर आले. "तीस वर्षं खोटे साक्षीदार पाह्यले म्या. त्याइले कोनीतरी फोडलेलं तरी राहे. तुले कोनं फोडलं बे?"

 

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाई अंगणाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. वस्तीत कुणीतरी अंक वाचून दाखवला होता. मला वाटलं शिव्या देतील, त्या बऱ्या पडल्या असत्या. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "मास्तर, मी शिकली नाही. तुमी लिहिलं का म्या पह्यली घागर भरली. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. माह्या घरी तं कालपासून थेंब नाही. मंग ते पानी कुठी गेलं?" मी म्हणालो, बाई, मी दुरुस्ती पाठवतो. त्यांना दुरुस्ती म्हणजे काय ते कळलं नाही, आणि मला ते समजावून सांगायची लाज वाटली.

दुरुस्ती पाठवली, तीही लगेच. संपादकांचं कार्ड आलं की अशा दुरुस्त्यांनी अंकाची पत जाते, पुढील बातमी पाठवावी. तोवर सरपंच पंचायत समितीत नवी तारीख मागायला जाऊन आले होते. तिथे त्यांच्यासमोर माझ्याच बातमीचं कात्रण ठेवण्यात आलं. उद्घाटन झाल्याचं छापून आलंय, काम पूर्ण, कागद मिटला. आता परत कसलं उद्घाटन? म्हणजे साहेबांच्या लेखी उद्घाटन झालेलं होतं आणि गावाच्या लेखी ते कधीच होणार नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधल्या चिखलात चंद्रभागाबाईंची घागर रुतली होती, माझ्यामुळे. सरपंच तसे वाईट नव्हते. पण लोक काय म्हणतील याची त्यांना धास्ती, आणि शिवाय त्यांना भाषणाचं वेड. जन्मात न केलेलं ते तडफदार भाषण छापून आलेलं पाहून ते हरखले होते. अंकाच्या पाच प्रती मागवून नातेवाइकांना धाडल्या, आणि एक जळगाव जामोदच्या बाजारातून काचेच्या फ्रेममध्ये मढवून आणून बैठकीत टांगली. ही फ्रेमची गोष्ट मी आबाजींना सांगितली तेव्हा ते हातातली पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू पाह्यली फरेम? सोता?" मी म्हणालो, पाहिली. "मंग ठीक हाये."

त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा चंद्रभागाबाई आल्या, या वेळी रिकामी घागर घेऊन. "आबाजी, आता मी जातो विहिरीवर," त्या म्हणाल्या. "माह्या नावानं छापलं हाये तं मीच जातो. मारतीन तं मारतीन." त्यांच्या मागं वस्तीतल्या दहा-बारा बाया होत्या, सगळ्यांच्या कमरेवर रिकाम्या घागरी. आबाजी आत गेले. बाहेर आले ते कोर्टातला जुना कोट घालून, छातीवर चपराश्याचा लाल पट्टा, आणि हातात अंक. मला म्हणाले, "चाल." मी विचारलं, मी कशाला? "आरोपीशिवाय कोर्ट भरते काय बे?"

विहिरीवर सरपंच आणि पाचसात माणसं आधीच उभी होती, निरोप पोचला असावा. सरपंच दोन्ही हात वर करून म्हणाले, "बाई, उद्घाटन व्हायचं हाये अजून." चंद्रभागाबाई थांबल्या नाहीत, गडगडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा एकजण आडवा आला. आबाजींनी अंक उघडला आणि पुकाऱ्याच्या त्या खणखणीत आवाजात माझी बातमी वाचली. विहिरीवर उभ्या असलेल्या बाया हांडे खाली ठेवून ऐकत राहिल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "सरपंच, मले एवढंच सांगा. हे खरं हाये का खोटं? खोटं असन तं हा मास्तर इथंच उभा हाये. सरकारचा पगार खाते अन खोटं छापते म्हनून वरतं अर्ज करा, पह्यली सही माही. मंग उद्घाटन नाही झालं, तुमचं भाषन बी नाही झालं, अन ते फरेम आजच खाली उतरवा. अन खरं असन, तं उद्घाटन झालं. ह्या बाईनं पह्यली घागर बी भरली. हे आता दुसरी हाये. दुसऱ्या घागरीले कोनाची हरकत हाये, त्यानं पुढं या."

नोकरी गेली असती तर घाटावर तोंड दाखवायला जागा नव्हती. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, अंकाकडे पाहिलं, आणि मला वाटतं मनातल्या मनात बैठकीतल्या भिंतीकडेही पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "छापून आलं म्हंजे खरंच हाये ते." आणि बाजूला झाले. आडवा आलेला माणूसही पुटपुटत सरकला. चंद्रभागाबाईंनी बादली सोडली. खालून पाण्याचा आवाज आला. एक घागर, मग मागच्या बाईची, मग तिच्या मागची. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गावातल्या काही बाया हांडे रिकामे घेऊन निघून गेल्या, दोघी मात्र थांबल्या आणि त्यांनी आपली पाळी येऊ दिली.

मी हवेत होतो. घरी येताना आबाजींना म्हणालो, "काय केस जिंकली आबाजी!" त्यांनी कोट काढला, पट्टा गुंडाळला आणि जेवणाला नाही म्हणाले. "केस कायची जिंकली? आज म्या खोटा साक्षीदार उभा केला. तीस वर्षं दारात उभा राहून ज्याइले मनात शिव्या देल्ल्या, त्याइचंच काम केलं." मग माझ्याकडे बोट करून, "बाईले पानी भेटलं म्हनून तुह्यं खोटं खरं नाही झालं. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. त्यानंतर मी प्रत्येक समारंभ संपेपर्यंत बसायचो, खुर्च्या उचलेपर्यंत, आणि मगच बातमी लिहायचो. ती एक आठवडा उशिरा पोचायची. वर्षभरात साप्ताहिकानं माझ्या जागी दुसरा वार्ताहर नेमला, तो वेळेवर पाठवायचा.

पुढं माझी बदली परत घाटावर झाली. आबाजी गेल्याचं मला मावशींच्या कार्डावरून कळलं. त्यांचा शेवट कसा झाला, शेवटी ते काय बोलले, याबद्दल इथे चार ओळी लिहिल्या तर हे व्यक्तिचित्र रीतसर पुरं होईल. पण मी तिथे नव्हतो.

विहिरीवर पाणी भरलं त्या दिवसाची संध्याकाळ मात्र मी पाहिलीय. आबाजी अंगणात बाजेवर उपाशी बसले होते. चंद्रभागाबाई आल्या आणि या वेळी अंगणाबाहेर न थांबता थेट आत आल्या. हातात घासून लख्ख केलेला तांब्या होता. "सकाळी तुमी कोर्ट भरवलं," त्या म्हणाल्या. "आता माह्या हातचं पानी घ्या." त्यांचा हात पुढं झालेला होता. मावशी दारातच थबकल्या. विहीर सगळ्यांना खुली, हे आबाजींनी गावाकडून वदवून घेतलं होतं, पण त्या वस्तीतल्या हातचं पाणी ते स्वतः सत्तर वर्षांत कधी प्याले नव्हते, आणि हे त्यांना कुणी कधी विचारलंही नव्हतं.

त्यांनी पटकन तांब्या घेतला असं लिहायचा मोह मला आत्ताही होतोय. तसं झालं नाही. त्यांचा हात मांडीवरून उठला, परत मांडीवर गेला. ते तांब्याकडे बघत राहिले. मावशींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान वळवायला लागलो तेव्हा माझ्यावर ओरडले, "मास्तर, इकडं पाह्य!" चंद्रभागाबाईंनी हात मागं घेतला नाही. मग आबाजींनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, वरून न ओतता तोंडाला लावला, आणि सगळा रिकामा करून खाली ठेवला. "मले उशीर लागला बाई," ते म्हणाले. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "हाव, लागला." आणि तांब्या उचलून घरी गेल्या.